दहा लाखांची अट आणि सातपुड्यातलं दुकान

१४ सप्टेंबर २०१२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने किरकोळ व्यापाराचं दार परदेशी भांडवलाला उघडून दिलं. नाना कंपन्यांचा माल एका छपराखाली विकणाऱ्या दुकानांत ५१ टक्क्यांपर्यंत परकीय गुंतवणुकीची मुभा मिळाली. हाच निर्णय नोव्हेंबर २०११ मध्ये जाहीर होऊन पंधरवड्यात स्थगित झाला होता. या वेळी सरकार मागे हटलं नाही. २० सप्टेंबरला भारत बंद झाला, व्यापारी संघटना रस्त्यावर उतरल्या आणि ५ डिसेंबरला लोकसभेने २५३ विरुद्ध २१८ मतांनी विरोधकांचा ठराव फेटाळला. महाराष्ट्राचं सरकार निर्णयाच्या बाजूने उभं होतं.

निर्णयाला एक अट होती. असं दुकान दहा लाखांहून जास्त लोकवस्तीच्या शहरातच उघडता येणार होतं. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार शहराची लोकसंख्या एक लाख अकरा हजारांच्या आसपास भरली. अक्कलकुवा, अक्राणी (म्हणजेच धडगाव), तळोदा, शहादा, नवापूर आणि नंदुरबार हे सहाही तालुके धरून जिल्हा साडेसोळा लाखांचा, आणि त्यातले शंभरात एकोणसत्तर लोक आदिवासी. म्हणजे ज्या वॉलमार्टच्या नावाने दिल्ली-मुंबईत घोषणा चालल्या होत्या, त्याची पाटी इथे लागण्याचा प्रश्नच नव्हता.

त्या वर्षभराच्या वादात कोपऱ्यावरच्या वाण्याचं एक चित्र पुन्हा पुन्हा रंगवलं गेलं. तो ओळखीचा असतो, महिनाअखेरीस उधार देतो, लेकराच्या हातावर गोळी ठेवतो. मुंबई-पुण्याच्या चाळीत वाढलेल्याला हे चित्र खरं वाटेल आणि ते तिथे बऱ्याच अंशी खरं आहेही. सातपुड्याच्या पायथ्याशी मात्र उधारीच्या वहीचा इतिहास निराळा आहे. या वहीपायी इथे जमिनी गेल्या, पोरं सालाने बांधली गेली, आणि तिच्याविरुद्ध चळवळी झाल्या. मोठ्या दुकानाने छोट्या दुकानाचं काय केलं, एवढ्याच प्रश्नाने नंदुरबारचा हिशेब लागत नाही. इथे विचारायचा प्रश्न असा, की स्वस्त माल आला तेव्हा आषाढातली उधारी कोणाच्या हातात होती, आणि मजुरी कोण ठरवत होतं.

मोठा खरेदीदार या मुलखाला नवा नव्हता. सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारा मोगलांचा हमरस्ता नवापूर, नंदुरबारवरून जायचा. सतराव्या शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये या वाटेने गेला, तेव्हा त्याने नवापूरच्या कस्तुरीगंधी तांदळाची आणि तिथल्या विणकरांची नोंद करून ठेवली. १६६६ मध्ये नंदुरबारात इंग्रजांची वखार होती, आणि १६७० मध्ये अहमदाबादच्या इंग्रज व्यापाऱ्यांनी आपला कारभार इकडे हलवल्याचं गॅझेटिअर सांगतं. पण हा सगळा व्यापार रस्त्याच्या दोन्ही अंगांना होता. तापीच्या उत्तरेला डोंगरात राहणाऱ्या भिल्ल-पावरांचा त्याच्याशी संबंध फारसा नव्हता. त्यांच्या दारात दुकान पोचलं ते इंग्रजी अंमलात.

१८१८ मध्ये खानदेश कंपनी सरकारकडे आला. सारा रोखीने भरायचा झाला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धाने तिथला कापूस अडला आणि खानदेशी कापसाचे भाव आभाळाला टेकले. तापीकाठच्या काळ्या जमिनीला किंमत आली. एकोणिसावं शतक सरता सरता सुरतेहून तापी खोऱ्याची रेल्वे आली आणि नंदुरबारचा माल थेट बंदराशी जोडला गेला. हे सगळं घडत असताना ज्याच्याकडे रोकड नव्हती तो भिल्ल शेतकरी दुकानदाराकडे गेला. दुसरीकडे जाणार कुठे?

या दुकानाचा व्यवहार नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढची दीडशे वर्षं त्याच्याभोवतीच फिरतात. ज्येष्ठ सरता सरता घरातली ज्वारी संपते. नेमकी तेव्हाच पेरणी असते, अंगात ताकद लागते, बी लागतं. दुकानदार धान्य देतो सवाईने, नाहीतर दिढीने. म्हणजे चार पायली नेली तर कापणीला पाच, नाहीतर सहा परत करायच्या. कापणी होते तेव्हा बाजारात भाव सर्वांत पडलेला असतो, आणि विकत घेणारा तोच दुकानदार. माप त्याचं, तराजू त्याचा, वहीतला आकडाही त्याचाच. पुष्कळदा उभं पीकच कापणीआधी ठरलेल्या भावात लिहून दिलेलं असायचं. चैत्र-वैशाखात जंगलातून मोह, चारोळी, डिंक यायचा. त्याच्या बदल्यात मीठ, कापड, गूळ. चारोळीच्या भारंभार मीठ घेतल्याच्या आठवणी सातपुड्यातल्या म्हाताऱ्या माणसांकडून आजही ऐकायला मिळतात. चारोळी गोळा करायला आणि फोडायला किती हात लागतात हे ज्याने पाहिलंय, त्याला त्या सौद्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

वही मिटली नाही की जमीन जायची. जमीन गेली की माणूस सालदार व्हायचा. साल ठरायचं अक्षय तृतीयेला. आगाऊ रक्कम आधीच्या कर्जात वळती व्हायची, आणि वर्षभर मालकाच्या शेतावर राबून पुढच्या अक्षय तृतीयेला पुन्हा तिथंच. विक्री, खरेदी, कर्ज आणि मजुरी या चारही गोष्टी एकाच गल्ल्यात, किंवा एकमेकांना सांभाळून घेणाऱ्या दोन-तीन गल्ल्यांत जमा झाल्या. म्हणून नुसतं मीठ स्वस्त झाल्याने इथे कोणाची सुटका होणार नव्हती.

याच काळात सरकारने एक खराखुरा मक्तेदार दुकानदार आदिवासी मुलखात आणून बसवला, तो दारूचा. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मोहाची दारू घरी गाळणं गुन्हा ठरलं. गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क मक्त्याने देण्यात आला, आणि दक्षिण गुजरातच्या पट्ट्यात तो प्रामुख्याने पारशी मक्तेदारांच्या हाती गेला. दारू उधार मिळायची. त्या उधारीवर जमिनी गेल्या. १९२२ च्या अखेरीस त्या पट्ट्यात देवीची चळवळ उभी राहिली. डेव्हिड हार्डिमन यांनी तिचा सविस्तर इतिहास लिहिला आहे. अंगात आलेली देवी सांगू लागली, दारू सोडा, रोज अंघोळ करा, दारूच्या दुकानदाराकडे कामाला जाऊ नका. खानदेशच्या सीमेवरच्या गावांपर्यंत तिची लाट आली. कोणी पुढारी गावोगाव फिरला नव्हता, पत्रकं वाटली गेली नव्हती. तरी गावंच्या गावं एका दुकानाला पाठ दाखवून उभी राहिली. या भागात दुकानावरच्या बहिष्काराची अशी दुसरी मोठी घटना मला ठाऊक नाही. ती बंदच्या हाकेने घडली नाही, देवीच्या नावाने घडली, एवढ्यावरून तिचं अर्थकारण नजरेआड करू नये.

पंधरा वर्षांनी तळोदा तालुक्यातल्या मोरवडला गुला महाराजांनी आप धर्माची शिकवण दिली. तिथेही दारू सोडणं पहिलं होतं. हजारो आदिवासी आरतीला जमू लागले. १९३८ मध्ये महाराज गेल्यावर त्यांचे भाऊ रामदास महाराज पुढे आले, आणि त्यांच्यावर जिल्हाबंदीचा हुकूम निघाला. न पिणारा, खाडा न करणारा, रोज नाहणारा मजूर खरं तर मालकांना हवाच असायला हवा. पण तो दारूच्या खात्यात नव्हता, सभेला जात होता आणि मान वर करून बोलत होता.

स्वातंत्र्यानंतरही वही चालूच राहिली. उसाची लागवड वाढली, पाण्याच्या सोयी झाल्या, शहाद्याच्या सपाटीवरचे बागायतदार सधन झाले. त्याच सपाटीवरचे भिल्ल त्यांच्याकडे सालदार होते, आणि त्यांतल्या अनेकांचे बाप कधीकाळी त्याच शेतांचे मालक होते. २ मे १९७१ रोजी शहादा तालुक्यातल्या पाटीलवाडीला धान्यासाठी जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला आणि एकाचा बळी गेला. या घटनेने सगळा तालुका ढवळून निघाला. पाडळद्याचे अंबरसिंग सुरतवंती तेव्हा सर्वोदयी कामात होते. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी ३० जानेवारी १९७२ ला शहाद्यात भूमुक्ती परिषद भरवली. पुण्या-मुंबईहून शिकलेली तरुण मुलं-मुली येऊन मिळाली, त्यांत आयआयटीत शिकलेले कुमार शिराळकर होते, जे पुढे जन्मभर याच कामात राहिले. त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली.

संघटनेच्या मागण्या वाचल्या की वहीची एकेक कडी तोडायचा प्रयत्न दिसतो. सालदाराला वाढीव साल, सुट्टी, कामाचे ठरलेले तास. गेलेल्या जमिनी परत. बागायतदारांनी पीक संरक्षणाच्या नावाखाली उभे केलेले रखवालदार आणि त्यांचे दंड बंद. बायकांनी गावोगाव दारूचे माठ फोडले, आणि नवऱ्याने मारलेल्या बाईची बाजू घेऊन सभेत उभ्या राहिल्या. १९७२ चा दुष्काळ याच सुमारास पडला. रोजगार हमीच्या कामांवर आठवड्याला रोख मजुरी मिळू लागली, आणि ही रोकड कोणाच्याही वहीत न जाता थेट हातात येत होती. अंबरसिंग १९७४ साली ऐन तारुण्यात गेले. पण त्या दोन-तीन वर्षांच्या धडपडीचा कायद्यावर उमटलेला ठसा मोठा आहे. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा महाराष्ट्राचा कायदा १९७४ चा. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी त्याच्या कक्षेत आल्या. १९७५ मध्ये कर्जमुक्तीचा कायदा आला. आणि १९७६ मध्ये आणखी एक कायदा झाला, ज्याच्याकडे व्यापाराच्या इतिहासात कोणी फारसं बघत नाही.

आदिवासी विकास महामंडळ १९७२ मध्येच नाशिकला स्थापन झालं होतं. १९७६ च्या कायद्याने आणि त्यामागोमाग आलेल्या एकाधिकार खरेदी योजनेने त्याला असा अधिकार दिला, की आदिवासी क्षेत्रात ठरावीक शेतमाल आणि गौण वनोपज खाजगी व्यापाऱ्याने विकत घ्यायचाच नाही. ज्वारी, भात, नागली, मोह, चारोळी, डिंक वगैरे माल महामंडळाने घ्यायचा, गावातल्या आदिवासी सहकारी संस्थेमार्फत, जाहीर झालेल्या भावाने. १९७८ पासून त्याला खावटी कर्जाची जोड मिळाली. पावसाळ्याच्या तोंडावर थोडी रोख आणि थोडं धान्य कर्जाऊ द्यायचं आणि सुगीत महामंडळाला विकलेल्या मालातून ते वळतं करायचं.

या आराखड्याचं मला फार मोल वाटतं. ज्यांनी तो आखला त्यांना कळलं होतं की सावकाराचं बळ भावात नव्हतं. विकत घेणारा, विकणारा आणि आषाढात पोट भरणारा एकच माणूस असणं, हे ते बळ होतं. ते मोडायचं तर तिन्ही कामं एकदम हाती घेणारं दुसरं दुकान हवं. महामंडळ हे असं दुकान होतं, आणि आकाराने ते कोणत्याही खाजगी साखळीला लाजवेल इतकं मोठं होतं. ठाण्यापासून गडचिरोलीपर्यंत त्याची खरेदी केंद्रं होती.

ते अडखळलं ते मोठ्या तत्त्वापाशी नव्हे, छोट्या गोष्टींपाशी. केंद्र उशिरा उघडायचं. धडगावच्या वरच्या पाड्यावरून डोक्यावर गोणी घेऊन चालत आलेल्या माणसाला बारदान संपल्याचं ऐकावं लागायचं. पैसे हातात पडायला दिवस जायचे, आणि व्यापारी पाड्यावरच येऊन, जरा कमी भावाने का होईना, रोख मोजायचा. लग्नाला, औषधाला, बैलाला पैसा आज लागतो. कायद्याने बंदी असूनही माल व्यापाऱ्याकडे जात राहिला आणि तोच माल पुढे दुसऱ्याच्या नावाने केंद्रावर येत राहिला. खावटीची वसुली होईना, कर्जं माफ करावी लागली, योजना थांबत आणि पुन्हा सुरू होत राहिली. महामंडळ तोट्यात गेलं, एकाधिकार ढिला होत गेला. तरीही जाहीर झालेला भाव भिंतीवर लिहिलेला असणं ही साधी गोष्ट नव्हती. व्यापाऱ्याला त्या आकड्याच्या फार खाली जाता येईना. ज्यांनी नुसती महामंडळाची तोट्याची पत्रकं पाहिली, त्यांना हा नफा दिसलेला नाही.

दुसरं मोठं स्वस्त दुकान रेशनचं. १९९२ च्या सुधारित वितरण व्यवस्थेत आदिवासी तालुके विशेष म्हणून घेतले गेले. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने तांदूळ तीन रुपये आणि गहू दोन रुपये किलो झाला, आणि जानेवारी २०२३ पासून ते धान्य फुकट झालं. कोणतीही खाजगी साखळी याहून स्वस्त विकू शकत नाही. आणि या स्वस्ताईने खरोखर जीव वाचवले आहेत. अक्कलकुवा-अक्राणीतल्या कुपोषणाच्या बातम्या ज्यांनी वर्षानुवर्षं वाचल्या आहेत, ते या धान्याला नावं ठेवणार नाहीत. आषाढातल्या दिढीचा निम्मा जोर यानेच मोडला.

पण मोठ्या स्वस्त दुकानाचा आजूबाजूच्या पिकवणाऱ्यांवर होणारा परिणाम इथेही झाला. दोन रुपयांचा गहू घरात आला की डोंगरउतारावरची मोर, बर्टी, भादी ही भरडधान्यं कांडायचे कष्ट कोण घेणार? पंजाब-हरियाणाचा गहू शेतकऱ्याकडून हमीभावाने विकत घेऊन सातपुड्यात आणला गेला, पण सातपुड्यातली ज्वारी सातपुड्यातल्याच रेशनवर यावी म्हणून असा नेटाने प्रयत्न झाला नाही. धडगाव तालुक्यात बाएफ संस्थेच्या साथीने गावकऱ्यांनी देशी मका-ज्वारीच्या वाणांच्या बियाणे बँका उभ्या केल्या, म्हणून काही वाण तरी हाताशी राहिले. नर्मदेच्या काठची तेहतीस गावं सरदार सरोवराच्या पाण्याने बाधित झाली. तिथून तळोदा तालुक्यातल्या वसाहतींत आलेल्या कुटुंबांना तर जळणापासून भाजीपर्यंत जे नदी आणि जंगल देत होतं, ते सगळं पैसे मोजून घ्यावं लागलं. बाजार त्यांच्या आयुष्यात एका दिवसात आला.

रेशनच्याच निमित्ताने शहादा तालुक्यातलं टेंभली गाव देशाला माहीत झालं. २९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत तिथे देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. धान्य योग्य माणसाला मिळावं हा त्यामागचा एक उद्देश होता. सावकाराच्या वहीतला अंगठा गेला आणि यंत्रावरचा अंगठा आला. हा बदल चांगल्यासाठी होता. पण डोंगरात रेंज नसेल, किंवा राबून राबून बोटाच्या रेषा झिजल्या असतील, तर धान्य अडतं, आणि तेवढ्या आठवड्यापुरतं पुन्हा उधारीचं दुकान गाठावं लागतं.

आता २०१२ कडे परत येऊ. दहा लाखांची अट कागदावर राहिली आणि वॉलमार्ट दुसऱ्या दाराने आत आलं. आर्कान्सातल्या रॉजर्स या लहानशा गावात १९६२ मध्ये पहिलं दुकान काढणाऱ्या या कंपनीने मे २०१८ मध्ये सोळा अब्ज डॉलरला फ्लिपकार्टचे सुमारे सत्त्याहत्तर टक्के भाग घेण्याचा करार केला. मोबाइलला लोकवस्तीची अट नसते. शहाद्याच्या कॉलेजातला मुलगा बूट आणि फोन त्यावरूनच मागवू लागला, आणि पाठीवर भलीमोठी पिशवी घेऊन मोटरसायकलवरून ते पोचवण्याचं काम त्याच्याच वयाच्या मुलांना मिळालं. भाव पाडून विकायची देशी पद्धतही तोवर पक्की झाली होती. तिची मुळं महाराष्ट्रातच आहेत. मुंबईच्या नायगावात १९४८ मध्ये कामगारांनी सहकारी तत्त्वावर अपना बाजार काढला. त्याच अपना बाजारच्या एका शाखेचा परवाना घेऊन नव्वदीच्या अखेरीस राधाकिशन दमाणी किराणा व्यापार शिकले आणि २००२ मध्ये पवईला त्यांनी पहिलं डीमार्ट उघडलं. घाऊक खरेदी, पुरवठादाराला लवकर पैसे, मोजकाच खपणारा माल, कमी नफा. अपना बाजारात गिऱ्हाईक हा सभासद म्हणून मालक होता. नव्या साखळीत तो फक्त गिऱ्हाईक आहे, आणि ही दोन दुकानं त्याच ठिकाणी वेगळी होतात.

जिल्ह्याच्या बाजारपेठांत आता ‘मार्ट’ अशी पाटी लावलेली दुकानं दिसतात. टोपली घेऊन फिरा, छापील किमतीपेक्षा कमी द्या, पावती घ्या. शिक्षक, ग्रामसेवक, पगारदार माणूस तिकडे वळला, आणि त्याच्या जाण्याने किराणा दुकानाची रोखीची विक्री गेली. दुकानात उरलं ते उधारीचं गिऱ्हाईक. गल्ल्यात रोख येत नसेल तर किराणावाला तरी उधार किती दिवस ठेवणार? त्याने हात आखडला की शेतमजूर बाई जाते बचत गटाकडे, नाहीतर दर आठवड्याला हप्ता मागायला दारात येणाऱ्या मायक्रोफायनान्सकडे, आणि तेही अपुरं पडलं तर मुकादमाकडे. जुन्या सावकाराची वही मी वर मांडली ती आजच्या किराणावाल्यावर दोष ठेवायला नव्हे. आज तोही त्याच साखळीत दुसऱ्या टोकाला अडकला आहे.

मुकादमाची वाट गुजरातेत जाते. दिवाळीच्या आगेमागे उचल घेऊन नंदुरबार-धुळ्याची कुटुंबं बारडोली, मढी, चलथाणच्या साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला निघतात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी या खानदेशी तोडकऱ्यांवर सत्तरच्या दशकापासून लिहिलं आहे. उसाच्या फडात कोयता नवरा-बायकोचा मिळून एक धरतात, आणि हंगामात खायला म्हणून दिलेलं धान्य शेवटी हिशेबातून व्याजासह कापून घेतात. ती दिढीच आहे. मार्टमध्ये साखर किलोमागे दोन रुपयांनी स्वस्त लावलेली असते, तेव्हा ते दोन रुपये कोणाच्या कोयत्यातून वाचले हे पावतीवर छापलेलं नसतं.

नंदुरबारच्या मिरचीचंही तसंच. इथला मिरची बाजार राज्यातल्या मोठ्या बाजारांत गणला जातो. ओली लाल मिरची बाजार समितीत विकली गेली की व्यापारी ती पथारीवर वाळत घालतात. हिवाळाभर शहराभोवतीची मोकळी रानं लाल दिसतात. पथारीवर पसरणं, उलथणं, वेचणं, देठ खुडणं ही कामं मुख्यतः बायका करतात, देठ खुडण्याची मजुरी वजनावर मिळते, आणि संध्याकाळी हाताची आग पाण्यात बुडवूनही जात नाही. अवकाळी पाऊस आला तर माल भिजतो आणि त्या दिवसाची मजुरीही जाते. इथली मिरची मसाल्याच्या कारखान्यांकडे जाते आणि पाकीट होऊन मार्टच्या फळीवर परत येते. धडगाव-मोलगीचं आमचूरही असंच. उन्हाळ्यात कैऱ्या सोलून, चिरून, घराच्या छपरावर आणि खडकावर वाळवणाऱ्या बायकांना व्यापारी देईल तो भाव मिळतो, कारण जूनच्या पहिल्या पावसाआधी माल काढायचाच असतो. ज्या साखळीचं बळ मोठ्या खरेदीत आहे, तिला हा माल थेट धडगावहून, बायकांच्या गटाकडून घेणं अशक्य नाही. तशी सक्ती कोणी केली नाही. २०१२ च्या निर्णयात ३० टक्के खरेदी लघुउद्योगांकडून करायची अट होती, पण ती परदेशी दुकानांना होती.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली ती ऐन मोहाच्या दिवसांत. आठवडे बाजार बंद, गुजरातेत गेलेली कुटुंबं रस्त्यावर, मोह आणि आमचूर घरात पडून. त्या ऑगस्टमध्ये राज्याने खावटी योजना पुन्हा सुरू केली, या वेळी कर्ज म्हणून नव्हे तर अनुदान म्हणून. कुटुंबाला चार हजार रुपये. त्यातले दोन हजार बँक खात्यात आणि दोन हजारांचा किराणा. किराण्याच्या यादीत मटकी, चवळी, हरभरा, साखर, शेंगदाणा तेल, मीठ, चहा यांच्याबरोबर तूरडाळ आणि मिरची पावडर होती. खरेदी राज्य पातळीवर निविदा काढून झाली. नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळून तेव्हा काही वर्षं झाली होती. नंदुरबारच्या बाजारात दरवर्षी मिरचीचे ढीग लागतात. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी याच आदिवासी विकास महामंडळाला अधिकार होता तो इथला माल विकत घेण्याचा. आता त्याच्याकडून इथल्या माणसाला तयार पाकीट आलं. ते भरायचं काम नंदुरबारच्या पथारीवरच्या बायकांना आणि नवापूरच्या डाळ गिरण्यांना देता आलं असतं, आणि ज्या कुटुंबाला दोन हजारांचं पाकीट मिळालं, त्याच कुटुंबाला त्या पाकिटातली मजुरीही मिळाली असती. पुढच्या निविदेत ही अट घालायला कोणताही नवा कायदा लागत नाही.